मापाची वही

मापाच्या वहीत मी आधी शाळा लिहितो,
मग नाव, मग छाती, कंबर, उंची.
पंचवीस वर्षांची सवय.
शाळा कळली की कापड कळतं,
कापड कळलं की बापाचा खिसा.

जिल्हा परिषद प्रशाला : निळा स्कर्ट, पांढरा शर्ट,
कापड असं की उजेडाला धरलं
तर पलीकडची रसवंती दिसावी.
पाथरी रोडचं इंटरनॅशनल : चौकड्याचं ट्युनिक, टाय,
मोजेसुद्धा त्यांच्याच काउंटरवरून.
माझ्याकडे येतं ते फक्त उसवायला नाहीतर आवळायला.

मानवतच्या मोंढ्यामागं माझं आठ बाय दहाचं दुकान.
जूनमध्ये दोन्हीकडची लेकरं एकाच बाकड्यावर बसतात,
आणि गळ्याभोवती टेप असताना माणूस खोटं बोलत नाही,
तेरा वर्षांचं तर नाहीच.
शार्दूल म्हणाला, वर्गात मराठी बोललं की दहा रुपये दंड,
मी सोमवारी वीस घेऊनच जातो.
सालेहा म्हणाली, गणिताचे सर दिवाळीपासून नाहीत,
खंदारे बाई भूगोलाच्या तासाला समीकरणं सोडवून घेतात,
अन् मुलींच्या संडासाची चावी शिपायाकडं.
हे मी कुठं लिहू? वहीत तसा रकाना नाही.

आता आमची मैथिली आठवीत.
कुशावर्ताने फीचं पत्रक इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं.
बावन्न हजार. बस वेगळी.
म्हणाली, तीनशे ब्लाउज जास्तीचे. हुक-काज मी करीन रातच्याला.
मी म्हणालो, मी प्रशालेतच शिकलो.
ती म्हणाली, व्हय, म्हणूनच तर म्हणते.
दोघंही हसलो.
ती आधी थांबली.

शुक्रवारी दुकान बंद ठेवून दोन्ही शाळा पाहिल्या.
इंटरनॅशनलात मैथिलीने मायक्रोस्कोपला डोळा लावला
तो काढेचना; मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिलं.
मग मला इंग्रजीत काहीतरी विचारलं.
मी येस म्हणालो.
कशाला, ते अजून कळलेलं नाही.

प्रशालेच्या निजामाच्या काळातल्या दगडी भिंतींत
अजून तोच ओला खडूचा वास.
छताचा एक पत्रा गेलेला, उजेड थेट फळ्यावर.
खंदारे बाईंनी तिला नाव नाही विचारलं,
खडू दिला.
तिने पैठणपासून नांदेडपर्यंत गोदावरी काढली,
हात न उचलता.
आपल्या पोरीला हे येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

रविवारी म्हटलं, ये, माप तर घेऊन ठेवू,
शाळा कोणतीही असो, खांदे तेच.
ती एक पाऊल मागं सरली.
बाबा, माप आई घेईल.
आख्ख्या मानवतची लेकरं मोजलेला हात
तसाच राहिला टेप धरून.
मग पडद्याखालून टेप आत सरकवली.

आतून कुशावर्ता आकडे सांगत होती, मी लिहीत होतो.
खांदा तेरा. कंबर चोवीस.
शाळेची जागा कोरी,
सोमवार शेवटची तारीख.
आत पोरीने एका दमात विचारलं,
आई, सालेहा प्रशालेतच राहणारंय,
अन् ती बस आपल्या गल्लीपर्यंत येती का?
कुशावर्ता तिला काही बोलली नाही.
मला ओरडून म्हणाली,
उंची अठ्ठावीस, आन् आत माया जास्त ठिवा.
मपलं लेकरू वाढतंय.

शिलाईच्या आत दुमडून राखलेल्या कापडाला
आम्ही शिंपी माया म्हणतो.
वरून दिसत नाही.
काउंटरवरच्या तयार कपड्यात ती नसते,
सरकारी मापातही नसते,
कापड वाचवायचं असतं सगळ्यांनाच.

मी लिहिलं : माया, तीन बोटं.
खोडून चार केली.
वरची ओळ कोरी सोडून पान उलटलं,
कारण शार्दूलचा बाप दारात उभा होता,
टायची गाठ सुटत नाही म्हणून
आख्खी टायच कापून आणलेली.